गिऱ्हाईकाच्या दारातून द्राक्षाच्या बागेकडे

(अभ्याससहलीच्या आदल्या रात्री काशीगाव, मिरा-भाईंदर येथे झालेल्या बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापले आहे.)



संध्याकाळी गाडीतून उतरल्यापासून एकच प्रश्न आम्हाला चार वेळा विचारला गेला. "इगतपुरी तर येतानाच लागली. ती मागे टाकून आणखी शंभरावर किलोमीटर पुढे या काशीगावात कशाला आणलं? उद्या पुन्हा त्याच वाटेनं उलटं जायचं. डिझेल काय फुकटचं आहे?"

प्रश्न बरोबर आहे. वर्गणी तुमच्या खिशातली आहे. कापसाची शेवटची वेचणी घरच्यांवर सोडून तुम्ही आला आहात. तेव्हा पहिल्यांदा याचेच उत्तर देतो.

उद्या आपण नाशिकच्या वाईनच्या मुलुखात चाललो आहोत. तिथे द्राक्ष पिकते, तिथेच त्याची वाईन होते आणि लोक गाड्या काढून तिथे जातात. बागेत हिंडतात, चाखतात, जेवतात, रात्री राहतात आणि पैसे मोजून परत येतात. हे लोक कुठून जातात? इथून जातात. या खिडकीतून बाहेर पाहा. जेवढे दिवे दिसतात तेवढी घरे आहेत. वाईनच्या मुलुखाचे गिऱ्हाईक या असल्या इमारतींत राहते. आपण आयुष्यभर माल घेऊन बाजाराच्या दारात उभे राहिलो. गिऱ्हाईकाच्या दारात उभे राहून आपल्या शेताकडे कधी पाहिले नाही. म्हणून उद्याची वाट इथून सुरू करायची. तो किती वाजता निघतो, किती तास गाडीत बसतो, कुठे खातो, कुठे झोपतो आणि कुठल्या गोष्टीचे किती पैसे देतो, हे आपण त्याच्याच वाटेने जाऊन पाहायचे आहे.

दुसरेही एक कारण आहे. काशीगाव हेही एकेकाळी गावच होते. आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. आता मेट्रोच्या स्थानकाला काशीगाव नाव दिले आहे, पण गाव शोधावे लागते. आज तुम्ही ज्यांच्या खोल्यांवर पथाऱ्या टाकल्या आहेत ती आपलीच पोरे आहेत. कोणी गोदामात आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणी कंपनीत हिशेब लिहितो. कोरडवाहू शेतात भागले नाही म्हणून ती इथे आली. शेतावर चार पैसे कसे वाढतील याचा विचार करायला याहून योग्य जागा आम्हाला सुचली नाही.

बहिणींची अट

सहलीचे ठरले तेव्हा बैठकीत सगळ्यात कडक विरोध बहिणींनी केला. त्यांचे म्हणणे असे, "दारूनं घरं बसली. दुकानं बंद करायला आम्ही मोर्चे काढले. आणि आता तुम्ही आम्हाला दारूचा कारखाना दाखवायला नेता?" आज इथे बसलेल्यांत दोघींच्या घरातला कर्ता माणूस दारूने गेलेला आहे. त्यांच्यासमोर वाईनची तारीफ करायला आम्ही उभे राहिलेलो नाही.

वाईन ही दारू नव्हे, असे २०२२ साली पुष्कळांनी सांगून पाहिले. त्या वर्षी २७ जानेवारीला राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यावर मोठे वादळ झाले आणि निर्णय अंमलात आला नाही. आपण शब्दांचा खेळ करू नये. वाईनमध्ये शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. म्हणजे ती दारूच आहे, सौम्य आहे एवढेच. दारूचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

बहिणींनी अट घातली ती अशी: गाडीत बाटली येणार नाही आणि घरी बाटली जाणार नाही. ही अट आम्ही मान्य केली आहे. वर्ध्याच्या आणि गडचिरोलीच्या भावांना तर कायद्यानेच ती पाळावी लागेल. त्या दोन जिल्ह्यांत दारूबंदी आहे. नाशिकला रीतसर विकत घेतलेली बाटली तिथे पिशवीत सापडली तरी गुन्हा आहे. तेव्हा आठवण म्हणून चिवडा न्या, बेदाणा न्या, बाटली नको.

ज्यांना चाखायचे नाही त्यांनी चाखू नये. त्यांना कोणी आग्रह करणार नाही आणि हसणारही नाही. पण यायला सगळ्यांनी यावे. आपण पाहायला चाललो आहोत तो पाहुण्याचा धंदा. त्यात बाईच्या हाताचा वाटा किती असतो, हे बाईच्या नजरेलाच दिसेल.

आमची पहिली फजिती

गेल्या हंगामात आम्ही चौघे वाट पाहायला म्हणून जाऊन आलो. जाताना काही ठरवले नव्हते. गेलो तो नेमका रविवार. ज्या वायनरीत गेलो तिथे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. आधी नाव नोंदवले नव्हते, त्यामुळे दोन तास फाटकाशी उभे राहिलो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हते. आत गेल्यावर एकापाठोपाठ सहा पेले पुढे आले. आमच्यातल्या एकाने सहाही पेले पाणी प्यावे तसे रिकामे केले. माहिती सांगणारा मुलगा चांगले सांगत होता, पण आमचे निम्मे लक्ष त्या भावाला सावरण्यात गेले. परतीला त्याने गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकारी काढली. मुक्कामाला जागा मिळाली तीही ऐपतीबाहेरच्या भावात. वायनरीचे नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती, आमची होती. पेरणीआधी बियाणे, खत, बैल सगळे पाहतो आणि सहलीला मात्र तसेच उठून जातो. या वेळी तसे नाही. सगळे ठरवून आलो आहोत, ते नीट ऐका.

वाट आणि दिवस

दिवस आम्ही मुद्दाम मंगळवार-बुधवार धरले. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि राहण्याचे भाव चढतात. मधल्या वारी तीच खोली स्वस्त मिळते आणि माहिती सांगणाऱ्यालाही बोलायला सवड असते. महिना मात्र हाच हवा. जानेवारी ते मार्च वाईनच्या द्राक्षाची तोडणी चालते. पावसाळ्यात गेलात तर डोंगर हिरवे दिसतील, पण वेलीवर घड दिसणार नाही. एप्रिलात खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि त्यानंतर घड धरतो. कोणत्याही वायनरीला जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: चाखण्याची वेळ कोणती, माणशी दर किती आणि त्या दिवशी ड्राय डे तर नाही ना. २६ जानेवारी, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीचे दिवस असे असतात. गेलात आणि दार बंद, असे व्हायला नको.

पहाटे पाचला गाडी सुटेल. घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढून ठाण्याकडे जायचे. सात वाजले की त्या रस्त्यावर ट्रकची रांग लागते, म्हणून पाच म्हणजे पाच. ठाण्याहून भिवंडी, तिथून आमणे आणि आमण्याहून समृद्धी महामार्ग. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पूर्वी कसारा घाटाने जावे लागे, आता बोगद्यातून गाडी तासाभरात इगतपुरीला जाते. गिऱ्हाईकाचा तास वाचला म्हणजे त्याचा मुलूख जवळ आला. पण जुन्या रस्त्यावर ज्याचा ढाबा होता त्याच्या दारावरून आता गाड्या जात नाहीत. रस्ता कोणाला तारतो आणि कोणाला मारतो, हेही वहीत लिहून ठेवा.

खाणे

चाखायला रिकाम्या पोटी जायचे नाही, हा पहिला नियम. सकाळची न्याहारी बरोबरच आहे. इथल्या लेकी-सुनांनी दशम्या आणि चटणी बांधून दिली आहे. ती इगतपुरीला सोडायची.

इगतपुरीच्या आसपास, कावनई आणि सांजेगाव या बाजूला दोन वायनऱ्या आहेत. व्हॅलोने ही लहान आहे, ग्रोव्हर झंपा मोठी आहे. लहान आणि मोठा धंदा शेजारी शेजारी पाहायला मिळेल म्हणून ही जागा निवडली. पहिल्या दिवशी सकाळी तिथे फक्त पाहायचे, चाखायचे नाही. दुपारी नाशिक गाठायचे. नाशिकमध्ये झणझणीत मिसळ सगळीकडे मिळते. शहराबाहेर गंगापूरच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीची मोठमोठी ठिकाणे झाली आहेत. तिथे जेवताना बसण्याची जागा नीट पाहा. बाज टाकलेली असते, बैलगाडी उभी असते, पोरांना झोका असतो. मटकी तीच, पाव तोच, पण लोक वीस किलोमीटरवरून येतात.

वायनरीतल्या हॉटेलात जेवण महाग असते. सुलात इटालियन धर्तीचे जेवणही मिळते. सगळ्यांनी तिथे जेवायची गरज नाही. चौघात एक ताट घ्या आणि भावाचा कागद नीट वाचून काढा. ज्वारीची भाकरी कुठे लिहिलेली आहे का, ते पाहा. असेल तर किती रुपयांना आहे ते लिहा. नसेल तर का नाही, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण निफाडच्या बाजूला एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी ठरवले आहे. पाहुणचार नाही, माणशी दर ठरवून. तो आधी नको म्हणत होता. आम्ही सांगितले, पैसे घेणार असशील तरच येतो. का सांगितले, ते शेवटी बोलतो.

चाखणे

चाखण्याचा कार्यक्रम पहिल्या दिवशी संध्याकाळी, एकदाच. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा अशा वायनऱ्या जवळजवळ आहेत. गिऱ्हाईक एका दिवसात तिन्हीकडे जाते. आपण एकीकडेच चाखायचे, उरलेल्या बाहेरून पाहायच्या. वय २१ च्या आत असलेल्या पोरांना चाखायला मिळणार नाही, तो कायदा आहे. पिण्याचा परवानाही कायद्याने लागतो. तो एका दिवसाचा निघतो, तेव्हा वायनरीत विचारून रीतसर घ्यायचा. गाडी चालवणारा भाऊ एक थेंबही घेणार नाही. हे त्याने स्वतः कबूल केले आहे.

चाखतात कसे? आधी पेला उजेडात धरून रंग पाहतात. मग पेला फिरवून वास घेतात. मग एक घोट तोंडात घोळवतात. आणि मग, हे नीट ऐका, थुंकतात. त्यासाठी भांडे ठेवलेले असते. थुंकण्यात कमीपणा नाही. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे ते सगळे थुंकतात. आधी पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी, शेवटी गोड असा क्रम असतो. पांढऱ्यात शेनिन ब्लॉँ, सोव्हिनियॉँ ब्लॉँ ही नावे ऐकाल, तांबड्यात शिराझ आणि कॅबर्ने. ही द्राक्षाच्या वाणांची नावे आहेत, जशी आपल्याकडे मालदांडी किंवा गुळभेंडी.

हे सगळे पाहून हसू येईल. पण आपण काय वेगळे करतो? कणीस हातावर चोळून दाणा दुधात आहे की हुरड्यात आला, हे आपण सांगतोच. बाजारात व्यापारी आपला कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहतो. तीही परीक्षाच आहे. फरक कुठे आहे, तो पाहा. आपल्या कापसाची परीक्षा घेणारा ती फुकट घेतो आणि वर भाव पाडतो. वाईनच्या मुलुखात परीक्षा घेणारा आधी पैसे भरतो आणि मग परीक्षा घेतो. एवढी एक गोष्ट जरी नीट समजून आलात तरी वर्गणी वसूल झाली.

मुक्काम

राहण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, वायनरीच्याच खोल्या. बागेत उघडणारे दार, समोर धरणाचे पाणी. या सगळ्यात महाग, थंडीतल्या सुट्ट्यांना महिना-महिना आधी भरलेल्या. आपण त्या आतून पाहायची परवानगी घेतली आहे, राहायचे नाही. दुसरी, गंगापूर धरणाजवळचे राज्य पर्यटन महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आणि शहरातले लॉज. आपला मुक्काम शहरातल्या लॉजवर आहे, एका खोलीत चौघे. तिसरी, त्र्यंबकेश्वरला शेगाव संस्थानचे भक्तनिवास. विदर्भातल्या भावांनी लगेच तेच सुचवले, स्वस्त आणि स्वच्छ म्हणून. पण चाखून आलेल्या तोंडाने भक्तनिवासाच्या पायरीवर चढणे बरे नाही. जागेची एक मर्यादा असते. ज्यांनी चाखले नाही आणि ज्यांना दर्शन घ्यायचे आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबकला जाऊन यावे.

आणखी एक. हा कागद वाचून ज्या जिल्ह्यातले भाऊ पुढे सहल काढतील त्यांनी ध्यानात ठेवावे की २०२७ साली नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची स्नाने आहेत. त्या काळात खोली मिळणे कठीण, मिळाली तर भाव सांगायला नको.

हा मुलूख उभा कसा राहिला

हे सगळे आभाळातून पडले नाही. वाईनचे पहिले मोठे प्रयोग १९८० च्या दशकात नारायणगावकडे झाले. नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून शेती सुरू केली. आधी दुसरी पिके करून पाहिली, मग वाईनच्या द्राक्षाकडे वळले. त्यांच्या सुला कंपनीची पहिली बाटली २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, करात सवलत दिली, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. २००५ साली सुलाने चाखण्याची खोली उघडली आणि बाटली घेणाऱ्याला बागेत बोलावले. डिसेंबर २०२२ मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले. पाहुण्यांकडून होणारी कमाई आज ती कंपनी आपल्या हिशेबात वेगळी दाखवते.

ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजू विंचूर-निफाडकडे दिसेल. २००८ नंतर मंदी आली, वाईन पडून राहिली, काही वायनऱ्या बंद पडल्या. वाईनचे द्राक्ष खायला चालत नाही, बी मोठे, साल जाड. वायनरीने घेतले नाही तर ते कोणाला विकणार? कितीतरी बागायतदारांनी त्या बागा तोडल्या आणि पुन्हा खायची द्राक्षे लावली. म्हणजे ज्याच्याकडे नुसता घड होता, तो त्या झगमगाटात राहूनही आपल्यासारखाच कच्चा माल विकणारा होता. वाईनच्या मुलुखात राहिल्याने शेतकरी श्रीमंत होत नाही. बाटली कोणाची, टेबल कोणाचे, यावर सगळे ठरते. म्हणून तिथल्या चकचकाटाने दिपून जाऊ नका आणि घरी जाऊन द्राक्ष लावायचा विचार तर मुळीच करू नका. आपल्याकडे ते पाणी नाही.

हिशेबाची वही

प्रत्येकाला एक वही दिली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत.

पहिल्या रकान्यात द्राक्षाचा हिशेब. एका बाटलीत पाऊण लिटर वाईन असते, तिला किलोच्या थोडे वर द्राक्ष लागते. बागायतदाराला किलोला किती मिळाले, करार किती वर्षांचा, साखर कमी भरली तर किती कापतात, गारपीट झाली तर तोटा कोणाचा, हे त्याच्याच तोंडून ऐका आणि लिहा. शेजारी बाटलीची किंमत लिहा.

दुसऱ्या रकान्यात पाहुण्याचा हिशेब. काशीगावातून निघालेले एक कुटुंब दोन दिवसांत रस्त्याला, जेवणाला, चाखायला आणि राहायला किती घालवते? त्यातले बाटलीचे किती? आम्ही चौघांनी गेल्या वेळी लिहिले तेव्हा आमच्या खर्चात बाटलीचा पैसा सगळ्यात कमी होता. खोली, जेवण आणि गाडी यांचाच सगळा खर्च होता. तुमचा आकडा काय येतो ते पाहू.

तिसरा रकाना घरचा. तो आम्ही इथेच थोडा भरून देतो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. वाया जाणारे धरूनही त्यात शंभर शर्ट होतात. म्हणजे एका शर्टात आपला वाटा ८१ रुपयांचा. अंगातल्या शर्टाला तुम्ही किती दिले, ते आठवा. मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. किलोभर पिठाच्या दहा भाकरी होतात. ढाब्यावर भाकरी वीस रुपयांना धरली तरी दोनशे झाले. दळण, सरपण आणि थापणारीची मजुरी वजा करा. जे उरते ते आज कोणाकडे जाते?

आपल्याकडे काय आहे

आता कोणी म्हणेल, द्राक्ष नाही, धरण नाही, पाहुणा आपल्याकडे काय पाहायला येणार? हुरडा खायला येईल. गंमत पाहा, नाशिकला द्राक्षाची तोडणी सुरू होते त्याच दिवसांत आपल्या शेतात हुरडा येतो. थंडी तीच, सुट्ट्या त्याच, गिऱ्हाईकही तेच. हुरड्याला परवाना लागत नाही. लेकराबाळांना देता येतो. तो खाऊन कोणाचे घर बसत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. आणि त्याच सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या बाजूला, फ्रातेलीची वायनरी आहे. द्राक्ष चाखायला आलेला माणूस ज्वारीच्या शिवारापासून फार दूर नसतो. त्याला इकडे वळायला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. राज्याचे कृषी पर्यटनाचे धोरण २०२० साली आले आहे, त्यात शेतकऱ्याला आपले केंद्र नोंदवता येते.

पण नक्कल करायची नाही. यवतमाळ किंवा हिंगोली मुंबईकराच्या शनिवार-रविवारात बसत नाही, समृद्धी झाली तरी नाही. आपापल्या गावाभोवती गाडीच्या दोन तासांचे रिंगण काढा. त्यात कोणते शहर येते? नागपूर, अमरावती, अकोला, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर. कोणाच्या वाटेत शेगाव आहे, कोणाच्या लोणार, कोणाच्या ताडोबा, कोणाच्या वेरूळ-अजिंठा. लोक तिकडे जातातच. त्यांनी दोन तास आपल्या शेतात बसावे, एवढेच करायचे आहे.

यात खरी अडचण जमिनीची नाही आणि पैशाचीही नाही. ती आपल्या मनातली आहे. निफाडच्या बागायतदाराने जेवणाचे पैसे घ्यायला का नको म्हटले? कारण जेवू घातलेल्याचे पैसे मागायला शेतकऱ्याला लाज वाटते. आपल्या आईने शिकवले, दारी आलेल्याला भाकरतुकडा द्यावा. ते खरे आहे आणि ते तसेच राहावे. पण पाहुणा वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळे. पाहुणा आपल्या सुखदुःखाला येतो. गिऱ्हाईक सुट्टी घालवायला येते, त्याने पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात. ते आपण घेतले नाहीत तर तो ते पुढच्या हॉटेलात देतो. शेकडो किलोमीटरवरच्या साहेबाला हुरडा फुकट खाऊ घालायचा आणि मग खतासाठी सावकाराच्या दारात उभे राहायचे, याला औदार्य म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट बहिणींच्या वतीने आम्हीच बोलतो. हुरड्याला आगटी पेटवणारा, कणसे चोळणारा, गप्पा मारणारा पुरुष असतो. भाकरी, पिठले, ठेचा, चटण्या, उष्टी ताटे आणि पाहुण्याच्या अंथरुणाच्या चादरी, हे सगळे बाईकडे. पाहुण्याचा पैसा आला आणि तो पुरुषाच्या खिशात गेला, तर बाईच्या कामात भर पडली आणि हातात काही नाही, असे होईल. त्यातला काही पैसा तर पुन्हा नको त्या दुकानात जाईल. म्हणून ज्या गावात हे सुरू होईल तिथे जेवणाचा दर बाई ठरवेल आणि ते पैसे बाईच्या खात्यात जमा होतील. हे आधी ठरवायचे आणि मग पाहुण्याला फोन करायचा. जे भाऊ याला तयार नसतील त्यांनी उद्या खुशाल यावे, हिंडावे, मिसळ खावी, पण पुढल्या बैठकीत या धंद्याचा विषय काढू नये.

उद्याचे काम

दुसऱ्या दिवशी विंचूरचा वाईन पार्क पाहून आपण काशीगावला परत येणार नाही. तिथूनच येवल्यावरून घराकडे लागायचे. गाडीत झोपू नका. येवल्यापुढे जमीन कोरडी होत जाते. त्या दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वाटेत प्रत्येकाने आपला तिसरा रकाना पुरा करायचा. आपल्या रिंगणात कोणते शहर येते, कोणत्या महिन्यात आपल्या शेतात दाखवण्यासारखे आणि खाऊ घालण्यासारखे काय असते, घरात किती माणसे झोपू शकतात, संडास-मोरी धड आहे का आणि जेवणाचा दर काय ठेवायचा. संडासाचा विचार पहिल्यांदा करा. वाईनच्या मुलुखात आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच होती, पण भाषणात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

जिल्ह्याच्या पुढल्या बैठकीत या वह्या वाचल्या जातील. त्यातून प्रत्येक जिल्ह्यात एकच गाव निवडायचे, एकच. पुढल्या हुरड्याला त्या गावात दोन शनिवार-रविवार करून पाहायचे. नुकसान झाले तर सगळ्यांनी मिळून सोसण्याइतकेच असेल. फायदा झाला तर आकडे आपल्याजवळ असतील. आकडे नसताना दुसऱ्याच्या बागेची गोष्ट सांगत बसणे आता पुरे.

ज्या पोरांच्या खोल्यांवर आपण उतरलो आहोत, त्यांनाही एक काम सांगितले आहे. तुमच्या कंपनीत, तुमच्या इमारतीत विचारा, सुट्टीत शेतावर राहायला कोण येईल, किती पैसे देईल आणि कशाची भीती वाटते. गावाकडे आईबापांना पैसे पाठवता, त्याच्याबरोबर ही माहितीही पाठवा. गिऱ्हाईकाच्या दारात आपली माणसे आहेत, हे आपल्या आजवर ध्यानातच आले नव्हते.

आता झोपा. साडेचारला उठवू, पाचला गाडी सुटेल. वही आणि पेन उशाशी ठेवा.